अभियांत्रिकी विद्यालयांच्या तीन गांवीं

बारावी व तिच्या मागोमाग होणारी सामाईक प्रवेशपरीक्षा आटोपली, म्हणजे पुष्कळ घरांतून एक नवेंच पंचांग उघडलें जातें. गतवर्षीं कोणत्या महाविद्यालयांत, कोणत्या शाखेस, किती पर्सेंटाइलवर दार बंद झालें, त्या याद्यांचें हें पंचांग. आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाकरितां तें यंदां आमच्याही घरीं उघडलें गेलें. मुलाचा ओढा यंत्रशाखेकडे. त्याचे काका संगणकाच्या व्यवसायांत. त्यांचा आग्रह असा कीं, शाखा संगणकाचीच हवी, मग महाविद्यालय कोणतेंही असो. आजीचें म्हणणें एवढेंच, कीं सणावारीं घरीं येतां येईल इतकें तें जवळ असावें. चार वर्षें व घरची बरीचशी शिल्लक ज्यांत जावयाची, तो प्रश्न कागदावरून सोडविणें आम्हांस प्रशस्त वाटेना. म्हणून मुलास बरोबर घेऊन आम्ही वाईहून निघालों.

आमच्या घाटांवरून जाणारी कृष्णामाई पुढें सांगलीस पोंचते. आम्हीही प्रथम तीच दिशा धरली. विश्रामबागेंतील वालचंद महाविद्यालय धोंडूमामा साठे यांनीं १९४७ सालीं न्यू इंजिनीअरिंग कॉलेज या नांवानें काढलें. वालचंदांचें नांव त्यास १९५५ मध्यें मिळालें. आवारांत झाडी दाट आहे व बोलणें हळू आवाजांत चालतें. आम्हांस पाहावयाची होती ती कर्मशाळा. तेथें लेथपाशीं एक मुलगा लोखंडी दांडा कांतीत उभा होता. हात कोपरापर्यंत तेलकट. काम न थांबवितां त्यानें आमच्या नातवास विचारलें, “मोजपट्टी धरतोस कां जरा?” पुढचा अर्धा तास नातू आम्हांस विसरला होता. तेवढ्या वेळांत एका शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यास आम्ही वसतिगृह, खाणावळ, अध्यापक यांविषयीं विचारून घेतलें. अध्यापक संध्याकाळीं शंका विचारावयास गेल्यास भेटतात काय, या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही माहितीपत्रकांत छापलेलें नसतें. तें विद्यार्थ्यांच्याच तोंडून ऐकावें लागतें. या जिल्ह्यास यंत्राचें वेड तसें जुनें आहे. किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली ती याच मुलुखांत.

परततांना हळदीच्या पेठेंत शिरलों. सौदे चालले होते, आणि आमच्या मनांत त्या याद्यांचा उलगडा तेथेंच झाला. मालास भाव चढतो तो गिऱ्हाइकांच्या ओढीमुळें. ‘कट-ऑफ’ म्हणजे तरी काय? त्या शाखेंत ज्याला शेवटची जागा मिळाली त्याचें पर्सेंटाइल. मागणी किती होती एवढेंच तें सांगतें. आंत शिकवितात कसें, याविषयीं तें मुकें आहे. शिवाय नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकीं नव्वद गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्यांपैकीं सुमारें शेंकडा नव्वद जण त्या मुलाच्या मागें आहेत, इतकाच त्याचा अर्थ. ही गोष्ट घरोघरच्या आजोबांनीं एकदां समजून घेतलेली बरी.

पुण्याचें विद्यालय १८५४ सालचें. सरकारी बांधकामास हाताखालचीं माणसें हवीं म्हणून तें निघालें, आणि म्हैसूर प्रांतांतून आलेले विश्वेश्वरय्या तेथूनच १८८३ मध्यें अभियंता होऊन बाहेर पडले. खडकवासल्यास त्यांचीं स्वयंचलित दारें १९०३ सालीं बसलीं. नदीकांठच्या त्या दगडी इमारतीपुढें आमचा नातू बराच वेळ गप्प उभा होता. २०२२ सालीं हें विद्यालय स्वतःच विद्यापीठ झालें. तथापि केवळ एवढ्यावरून तेथील प्रत्येक शाखा सारखीच मानूं नये. एन.बी.ए. नामक मंडळ मान्यता देतें ती शाखेशाखेस निरनिराळी, आणि तीही ठराविक मुदतीपुरती. वॉशिंग्टन करारांत भारत २०१४ सालीं पूर्ण सभासद झाल्यापासून परदेशीं पुढें शिकूं इच्छिणाऱ्यानें तर हें अवश्य पाहावें.

काकांच्या शब्दाखातर शहराबाहेरील एक नवें महाविद्यालयही पाहिलें. नांव सांगत नाहीं. दर्शनी भाग कांचेचा, उपाहारगृह थंडगार. यंत्रशाळेस मात्र कुलूप, आणि किल्ली कोणापाशीं असते हें दोघांतिघांस विचारूनही कळलें नाहीं. काकांस तें तसेंच कळविलें. ते कांहीं बोलले नाहींत.

शेवटीं मुंबई. माटुंग्याची व्ही.जे.टी.आय. मूळ १८८७ ची, राणीच्या ज्युबिलीच्या नांवाची. या जागेंत आली १९२३ मध्यें, आणि १९९७ सालीं वीरमाता जिजाबाईंचें नांव देतांना आद्याक्षरें तेवढीं तशींच राहिलीं. आम्हां संस्कृतवाल्यांस या कोटीचें मोठें कौतुक वाटलें. कापडगिरण्या गेल्या तरी वस्त्रविद्येची शाखा येथें आहे. शेजारींच १९३३ सालचें रसायनाचें विद्यालय. विद्या एका आवारांतून दुसऱ्यांत चालत जावी, असा हा भाग आहे. पण गर्दी, राहण्याचा खर्च आणि लोकलचा प्रवास यांचाही हिशेब धरलाच पाहिजे.

माटुंग्याच्या एका उडुपी खाणावळींत इडली येईपर्यंत नातवानें वहींत क्रम मांडला. पहिल्या फेरींत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती कायम होते, पुढें बदलतां येत नाहीं. उलटपक्षीं, आवाक्याबाहेरची वाटणारी जागा वर लिहिल्यानें खालची गमावली जात नाहीं. म्हणून अंदाज बाजूस ठेवून खरी इच्छाच क्रमानें लिही, असें आम्हीं त्यास सांगितलें होतें. त्यानें लिहिलें : पुणें, यंत्र. सांगली, यंत्र. माटुंगा, यंत्र. संगणक चौथ्या ओळींत, तोही सांगलीचा. आम्हीं एकच विचारलें, पुण्याची यंत्रशाखा सांगलीच्या वर कां? तो क्षणभर थांबला, रबर मागून घेतलें, आणि पहिल्या दोन ओळींची अदलाबदल केली.