घास उतरत नाही

'घास उतरत नाही' हे वाक्य आमच्या घरात प्रथम उच्चारले गेले ते आईच्या तेराव्याच्या पंक्तीत. साल २०१६. बोलणारे आमचे वडील, ऐकणारे आम्ही सगळे. पंक्तीतले वाढप क्षणभर थांबले, कोणीतरी पदर डोळ्यांना लावला, आणि त्या वाक्याचा अर्थ काय हे विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही. मराठीच्या कुठल्याही बऱ्या वाचकाने जो अर्थ लावला असता तोच आम्ही लावला. तो अर्थ अपुरा होता हे कळावयास आम्हांस आठ महिने आणि एक न्यूमोनिया लागला.

आमच्या भाषेने गळ्याकडून जेवढे काम करून घेतले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या अवयवाकडून घेतले असेल. आपण आवंढा गिळतो, राग गिळतो, अपमान गिळतो. बोलायचे असते ते शब्द गिळतो, न पटणारी गोष्ट दुसऱ्याच्या गळी उतरवतो आणि भाऊबंदाची जमीन घशात घालतो. गळा दाटून येतो तो दुःखाने, आणि जेवताना ठसका लागला की कोणीतरी आठवण काढली असे म्हणून आपण मोकळे होतो. गिळणे ही स्नायूंची आणि मज्जातंतूंची क्रिया आहे, ती म्हातारपणी बिघडू शकते, हे सांगावयास या भांडारात जवळजवळ काहीच शिल्लक राहिलेले नाही. जे शब्द होते ते सगळे भावनेच्या कामाला जुंपले गेले.

अण्णांची पाळी ठरलेली होती: चार महिने साताऱ्यास थोरल्या बंधूंकडे, चार महिने सांगलीस आमच्याकडे. अशा व्यवस्थेत माणूस दोन्ही घरांत असतो आणि पुरता कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतो. जेवणास पूर्वी वीस मिनिटे लागत, आता तास लागतो, हे साताऱ्यास दिसले. तिथे त्याचे कारण एकटेपण ठरले. संध्याकाळी बारीक ताप येतो, दोन दिवसांत जातो, हे सांगलीस दिसले. इथे त्याचे कारण नदीकाठची दमट हवा ठरले. सदरा सैल झाला, ते दोन्हीकडे दिसले आणि दोन्हीकडे आईच्या नावावर जमा झाले. वहिनींनी एकदा फोनवर सांगितले, "ताक प्यायले की भाऊजी, अण्णांचा आवाज ओला येतो, पाण्यातून आल्यासारखा." आम्ही म्हणालो, "त्यांना भरून येत असेल." त्यांच्या पत्रांतले अक्षर ओळीगणिक बारीक होत गेले होते. त्यास आम्ही काटकसर म्हणालो.

ही चूक ज्याच्या घरात झाली तो मनुष्य ३४ वर्षे शाळेत मराठी शिकवीत होता, हा यातला खरा उपहास. अभिधा, लक्षणा, व्यंजना हा त्यांचा आवडता पाठ. लक्षणेचा आश्रय घ्यावयाचा तो मुख्यार्थाला बाध आला तरच, हा मम्मटाचा नियम ते गंगेवरच्या गवळीवाड्याचे जुने उदाहरण देऊन समजावीत. वाहत्या पाण्यावर घरे उभी राहात नाहीत, म्हणून 'गंगेवर' याचा अर्थ 'गंगेच्या काठावर' असा करावयाचा. पण काठावरच्या घराबद्दल बोलताना उगाच अलंकार शोधत बसू नये, असेही ते बजावीत. आम्ही नेमके तेच केले. मुख्यार्थ समोर, ताटात, धडधडीत होता, आणि आम्ही त्याला ओलांडून पलीकडे गेलो.

२०१७ च्या श्रावणात, सांगलीच्या घरी, ताकभात जेवताना त्यांना जोराचा ठसका लागला. आम्ही जे प्रत्येक मराठी घरात करतात ते केले: "अण्णा, वर बघा" म्हणालो, पाठीवर थोपटले, आणि श्वास सावरण्याच्या आत पाण्याचे फुलपात्र तोंडाला लावले. पुढचे काही आठवडे त्यांना ठसका लागला नाही. आम्हांस बरे वाटले. मग एके सकाळी ते नीट जागेच होईनात. अंगात ताप फारसा नव्हता, श्वास मात्र भराभर चालला होता. त्यांना मिरजेस नेले. छातीच्या चित्रात उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढुरके सावट होते. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "जेवताना ठसका लागतो का?" आम्ही काहीशा अभिमानाने सांगितले, "पूर्वी लागायचा, आता महिनाभर अजिबात नाही." त्या म्हणाल्या, "तेच वाईट आहे."

पुढे त्यांनी जे समजावले ते आम्ही आमच्या शब्दांत मांडतो. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना मिळतात. घशातल्या दोन वाटा मात्र मिळत नाहीत, त्या एकमेकींना छेदून जातात. नाकातून आलेल्या श्वासाला पुढच्या नळीत उतरायचे असते, तोंडातून आलेल्या घासाला मागच्या. घास जिभेच्या मुळाशी पोचला की श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात, स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, पानासारखे एक झाकण त्यावर कलते आणि अन्ननलिकेचे दार उघडते. हे सगळे साधारण एका सेकंदात. वयाबरोबर हे स्नायू दुबळे होतात आणि ही साखळी सुरू होण्यास उशीर होतो. पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असेल तर ती मधूनच तुटते. झाकण मिटण्याआधी ताक पोचले की ते श्वासाच्या वाटेने जाते. ठसका हा तिथला पहारेकरी. तो ओरडतो तोवर घर जागे असते. पुढे घशाची संवेदनाच मंदावते, पहारेकरी झोपतो, आणि अन्न, पाणी, लाळ, लाळेतले जंतू असे सारे निमूटपणे खाली उतरत राहते. उजवी श्वासनलिका अधिक रुंद आणि अधिक सरळ, म्हणून बहुधा उजवीकडे. म्हाताऱ्या शरीरात अशा न्यूमोनियाला मोठा ताप येईलच असेही नाही. ग्लानी आणि भराभर चाललेला श्वास एवढीच कधी कधी त्याची खूण असते.

अण्णांना कंपवात होता. हात फारसे थरथरत नव्हते, म्हणून कोणाच्या ध्यानी आले नव्हते. बारीक झालेले अक्षर ही त्याचीच खूण होती. ज्याच्या नावाने हा विकार जगभर ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली लिहिलेल्या निबंधात गिळण्याच्या अडचणीची नोंद केलेली आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या निबंधात होते ते आमच्या डोळ्यांसमोरच्या ताटात आम्हांस वाचता आले नाही.

गिळणे तपासावयास आल्या त्या वाचोपचारतज्ज्ञ. बोलणे सुधारणाऱ्या बाई जेवण का पाहतात, याचे आम्हांस नवल वाटले. अण्णांना वाटले नाही. जीभ, ओठ, टाळू, कंठ ही वर्णांची उच्चारस्थाने तीच घासाचीही, हे त्यांनीच बाईंना क्षीण आवाजात सांगितले. बाईंनी विचारले, "त्रास कधीपासून?" अण्णा आमच्याकडे पाहून म्हणाले, "आठ महिने सांगतो आहे. मी अभिधेत बोलत होतो." ते हसले. आम्हांस हसता आले नाही.

बाईंनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. ताठ बसवून भरवा, जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. 'वर बघा' कधीही म्हणू नका. मान मागे गेली की श्वासाची वाट उघडी पडते. अण्णांना हनुवटी किंचित खाली ठेवून गिळण्याने फायदा होतो असे त्यांना तपासणीत दिसले होते. घास लहान. भरवताना प्रश्न विचारू नका. आणि कंठमणी पाहा: तो वर जाऊन खाली आला म्हणजे घास गिळला गेला; त्यापूर्वी दुसरा घास नाही.

सर्वांत अवघड होते ते पाणी. जे जितके पातळ तितके ते वेगाने निसटते. कृष्णेकाठी जन्म काढलेल्या माणसाला पाणी दाट करून चमच्याने द्यावे लागावे, हे स्वीकारणे जड गेले. अशा पाण्याने न्यूमोनिया टळतोच असे अभ्यासांनी निर्विवाद दाखवलेले नाही, आणि ते न आवडल्याने माणूस पाणीच कमी पितो, हेही बाईंनी लपवले नाही. आज जगभरचे तज्ज्ञ अन्नपेयांच्या दाटपणाच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या मानतात. तो तक्ता पाहून वहिनींना त्यांच्या आजीचे स्वयंपाकघर आठवले. पेज, कण्हेरी, आंबील, खिमट, गुरगुट्या भात, मऊ भात, मोकळा भात: तीच उतरंड, मराठीत. भाषेजवळ हे शब्द होते. पण ते आजाऱ्याच्या आणि तान्ह्या मुलाच्या ताटाबरोबर मागे पडले. दोन्ही गावांचे भूषण मात्र वर्ज्य झाले. साताऱ्याचा कंदी पेढा चिकट, टाळूला बसणारा; सांगलीचे भडंग कोरडे, कणाकणाने विखुरणारे.

एक गोष्ट आम्हांस सर्वांत उशिरा पटली, ती म्हणजे तोंडाची स्वच्छता. झोपेत थोडी लाळ निरोगी माणसाच्याही श्वासमार्गात जाते. घात होतो तो तिच्यातल्या जंतूंनी आणि ते झटकण्याची ताकद सरल्याने. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षे चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्याच पद्धतीने राहिलेल्या वृद्धांपैकी १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. ज्यांचे दात आणि तोंड रोज जेवणानंतर दुसऱ्याने घासून दिले त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना. औषध नाही, यंत्र नाही. फक्त एक ब्रश आणि तो धरणारा कोणीतरी. अण्णांना दात नव्हते म्हणून आम्ही त्यांचे तोंड स्वच्छच धरून चाललो होतो. कवळी रात्री काढून घासावी लागते, हिरड्या आणि जीभ पुसावी लागते, हे आम्ही साठीच्या उंबरठ्यावर शिकलो.

या साऱ्याने अण्णांना दोन वर्षे मिळाली. २०१९ च्या हिवाळ्यात साताऱ्यास तिसरा न्यूमोनिया झाला. विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्याने न्यूमोनियाला आपल्या ग्रंथाच्या १८९२ च्या पहिल्या आवृत्तीत वार्धक्याचा शत्रू म्हटले होते आणि नंतरच्या एका आवृत्तीत मित्र. आम्हा दोघा भावांत त्या रात्री याच दोन आवृत्त्यांचे भांडण झाले. बंधूंचे म्हणणे, नाकातून नळी घालावी, बापाला उपाशी कसे ठेवायचे? आमचे म्हणणे, आता नको. डॉक्टरांनी सांगितले की नळीने अन्न पोचते, पण लाळ खाली जाण्याचे थांबत नाही, पोटातले वर येण्याचेही नाही. निर्णय होईना. शेवटी आम्ही ते केले जे तेराव्याच्या पंक्तीत करावयास हवे होते. अण्णांनाच विचारले, आणि ते जे म्हणतील त्याचा तोच अर्थ घ्यायचा असे ठरवून विचारले.

ते म्हणाले, "भूक नाही. तहान आहे."

नळी घातली नाही. देवघरातला गंगेचा गडू फोडला गेला. जमलेल्यांपैकी कोणी म्हणाले, पळीने घाला. बंधूंनी मान हलवली, कापसाचा बोळा गंगेत भिजवून पिळला आणि अण्णांच्या ओठांवरून फिरवला. खोलीतले सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आम्ही दोघे पाहत होतो कंठमण्याकडे. तो हळूहळू वर गेला, आणि खाली आला.