थेल्माबाईंचं देणं

थेल्मा रिटर हे नाव जुन्या हॉलिवूडच्या भक्तांनाही पटकन आठवत नाही. चेहरा मात्र लगेच आठवतो. ‘रिअर विंडो’तली ती नर्स! पाय प्लास्टरमध्ये अडकलेल्या जेम्स स्ट्युअर्टला मालिश करता करता लग्नावरून चार गोष्टी सुनावणारी. तोंडाचा पट्टा सुरू, पण हात आपलं काम चोख करतात. एकदा तर त्याच्यापुढे नाश्ता ठेवून ती समोरच्या बिऱ्हाडातल्या माणसानं बायकोचे तुकडे कुठे केले असतील याचा हिशेब मांडते. बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

हौशी रंगभूमीवर मी वर्षानुवर्षं मोलकरणी केल्या. पदर खोचायचा, फडकं उडवायचं, हशा घेऊन विंगेत यायचं. फडकं हातात आहे तर टेबल पुसावं, हे मला बाईंना पाहून कळलं.

बाई ब्रुकलिनच्या, जन्म १९०२चा. नाटक, रेडिओ, मधली काही वर्षं मुलांसाठी घरी, आणि पंचेचाळिशीच्या आसपास सिनेमा. ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’मध्ये (१९४७) सांताक्लॉजला फैलावर घेणारी, खरेदीनं दमलेली आई त्यांनी केली, श्रेयनामावलीत नावही नव्हतं. पुढे सहायक अभिनेत्री म्हणून ऑस्करची ६ नामांकनं मिळाली, पुतळा एकदाही नाही. लोक यावर हळहळतात. माझा राग ‘ऑल अबाउट इव्ह’वर आहे. इव्हचं पाणी सगळ्यांआधी जोखणारी बर्डी त्यात अर्ध्यातूनच गायब होते!

पण माझं खरं देणं आहे ते ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’मधल्या (१९५३) मोचं. टाय विकणारी, पोलिसांना खबरा विकणारी म्हातारी. बेवारशांच्या कबरस्तानात आपल्याला गाडू नये म्हणून पै-पै साठवते. शेवटी मारेकरी खोलीत येऊन ठेपतो. ग्रामोफोनवर तबकडी फिरतेय. मो रडत नाही, गयावया करत नाही. दिवसभर पायपीट केलेली बाई जशी बोलेल तशी बोलते, आणि हवी ती खबर मात्र त्याला देत नाही. गोळी आपल्याला नुसती ऐकू येते.

पुढे एका नाटकात मला म्हातारीचं मरण करायचं होतं. तालमीत मी खाटेवर टेकले, पोटऱ्या चेपल्या, चपला सरळ लावून ठेवल्या आणि आडवी झाले. दिग्दर्शक पोरगा खालून ओरडला, “मावशी, खोकला राहिला!”

म्हटलं, “अरे, ती दमलीय. आजारी कुठेय?”

त्यानं संहितेतला खोकला खोडला.