आल्चीतला गोन्चा

लेहहून श्रीनगरच्या वाटेने पश्चिमेकडे निघाले की सिंधू नदी प्रवाशाची सोबत करू लागते. निम्मूपाशी झंस्कारचे पाणी तिला येऊन मिळते. दोन नद्यांचे दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहतात आणि मग एक होतात. पुढे सस्पोलच्या परिसरात पूल ओलांडून पलीकडच्या काठावर गेले की आल्ची गाव येते. लेहपासून हे अंतर सुमारे 65 किलोमीटर. उघड्या, तपकिरी डोंगरांच्या कुशीत जर्दाळू, सफरचंद आणि अक्रोड यांच्या झाडांनी वेढलेली काही घरे, असे या गावाचे रूप आहे.

येथे येणारे बहुतेक प्रवासी जून ते सप्टेंबर या काळात येतात, प्राचीन मंदिर पाहतात आणि निघून जातात. ऑक्टोबरच्या अखेरीस मात्र गाव पुन्हा गावकऱ्यांचे होते. जर्दाळूची पाने केशरी होऊन गळू लागतात. जवाची मळणी आटोपलेली असते आणि जनावरांसाठी वाळलेला चारा घरांच्या सपाट छपरांवर रचून ठेवलेला असतो. पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांना एकेक करून कुलपे लागतात. पाटांचे पाणी सकाळी काठाकाठाने गोठलेले दिसते. हिवाळा जवळ आल्याची ही सूचना असते. याच दिवसांत घराघरांतून एक जुना प्रश्न डोके वर काढतो : यंदाचा गोन्चा शिवून कधी होणार?

गोन्चा हा लडाखी माणसाचा लांब, लोकरी कोट. तो गळ्यापासून पोटरीपर्यंत पोचतो. पुढचा पदर एकावर एक येऊन कडेला, खांद्याजवळ आणि काखेखाली बटणांनी बंद होतो. कमरेला रंगीत पट्टा घट्ट बांधला की छातीवरच्या घोळात चहाच्या वाटीपासून जपमाळेपर्यंत सारे काही मावते. स्त्रियांच्या वेषाला बारीक चुण्यांचा घेर असतो. जेथे जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली 15 ते 20 अंशांपर्यंत उतरतो, तेथे असा कोट ही हौसेची वस्तू नसून घराइतकीच निकडीची गोष्ट आहे.

या कोटाचे कापड म्हणजे नाम्बू. मेंढीच्या लोकरीचे हे कापड हातमागावर विणतात आणि त्याचा पन्हा जेमतेम फूटभर असतो. उन्हाळ्यात मेंढ्यांची लोकर कातरायची, ती धुवायची, पिंजायची, चातीवर कातायची, मग विणायची. विणून झालेले कापड गरम पाण्यात भिजवून पायांनी तुडवायचे, म्हणजे ते आटते, दाट होते आणि वारा अडवू लागते. त्यानंतर रंग. पूर्वी मंजिष्ठेच्या मुळांपासून लाल, तर अक्रोडाच्या सालीपासून तपकिरी रंग काढीत. पुढे बाजारातील पुड्या आल्या. एवढे सारे झाल्यावर कोठे कात्री हातात घ्यायची वेळ येते.

एवढा वेळ जुन्या पिढीला मिळे तरी कोठून? याचे उत्तर लडाखच्या वाटांवर आजही अधूनमधून दिसते. गुरांमागे डोंगर चढणारी एखादी वृद्धा चालता चालता चाती फिरवीत असते. लेहच्या मुख्य बाजारात पदपथावर भाजी विकायला बसलेल्या स्त्रियांचे हात गिऱ्हाईक नसताना लोकरीत गुंतलेले असतात. वेळ मिळाल्यावर काम करावे अशी सोय तेथे नव्हतीच. पेरणी ते कापणी असा शेतीचा सारा व्यवहार साधारण पाच महिन्यांत उरकायचा, त्यात पाण्याच्या पाळ्या सांभाळायच्या, लाकूडफाटा आणि शेणी जमवायच्या. म्हणून सूतकताई पायवाटांवर आणि गप्पांच्या मध्यंतरात होई. विणणे आणि शिवणे मात्र हिवाळ्यावर सोपवलेले असे. बर्फाने घाट बंद झाले की सारे कुटुंब स्वयंपाकघरातल्या चुलीभोवती गोळा होई, केसर राजाच्या वीरकथा रंगत आणि कथा ऐकता ऐकता सुई चाले.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. मेंढपाळाच्या घरी सूत कातून, खड्ड्याच्या मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन तयार होणारे घोंगडे याच जातीचे. आणि भर दुपारी, भांडी आवरल्यानंतरच्या तासाभरात जुन्या लुगड्यांवर धावदोरा घालीत आजीने पुरी केलेली गोधडीही याच हिशेबातली. तिला किती दिवस लागले असे कोणी विचारले, तर आजीला सांगता आले नसते. कारण तिने दिवस लावलेच नव्हते, दिवसांमधल्या फटी लावल्या होत्या.

आल्चीच्या मंदिरसमूहात वस्त्रांविषयीचे हे प्रेम भिंतींवर आणि छतांवर उमटले आहे. सुमारे 800 ते 900 वर्षांपूर्वीच्या या वास्तूत ‘सुमत्सेक’ नावाचे तीन मजली मंदिर आहे. त्याच्या लाकडी छतावर वस्त्रांच्या नक्षीचे असंख्य चौकोन रंगवले आहेत. मान वर करून पाहणाऱ्याला वाटावे की डोक्यावर उंची कापडांचे चांदवेच ताणले आहेत. शेजारच्या ‘दुखांग’मध्ये एका राजाचे चित्र आहे. त्याच्या अंगातील लांब अंगरख्यावर वर्तुळांच्या चौकटीत सिंह चितारलेले आहेत. चित्रकाराने राजाचे वैभव दाखवण्यासाठी त्याच्या कोटावर किती वेळ खर्च केला असेल, हे तेथील मंद उजेडातही ध्यानात येते. या प्रदेशात माणसाची ओळख त्याच्या कोटाने करून देण्याची रीत किती जुनी आहे, हेही त्यावरून उमगते.

मंदिराच्या वरच्या अंगाला एका घराच्या गच्चीवर, दक्षिणेच्या उन्हात, असाच एक कोट आकार घेत असतो. घरातील गृहिणी उन्हाळाभर पाहुण्यांची व्यवस्था पाहते. 1974 मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुले झाले आणि हळूहळू उन्हाळ्याचे मोल पालटले. शेतीबरोबर आता पाहुण्यांच्या अंथरुण-पांघरुणाची, न्याहारीची, हिशेबाची कामे आली. त्या कमाईवर तिचा मुलगा दूरच्या शहरात शिकतो आहे. ज्या उन्हाळ्यात तिच्या सासूबाई लोकर कातीत, त्याच उन्हाळ्यात ती मुलाचे शिक्षण कातते, असे म्हटले तरी चालेल. त्यात चूक कोणाचीच नाही.

गच्चीवर पसरलेले नाम्बूचे थान सासूबाईंनी कातलेल्या सुताचे आहे. ते कित्येक वर्षे पेटीत जपून ठेवलेले होते. आता त्यांच्या दृष्टीला सुताचा पीळ दिसत नाही. घरात दुसरे थान नाही आणि पुन्हा तसे सूत निघण्याचा संभवही नाही. म्हणून कात्री धरलेला हात थबकतो. मुलगा वर्षभरात किती उंच झाला, हे कोणाला नेमके ठाऊक नाही. गेल्या वर्षीचा त्याचा गोन्चा शेजारी पसरलेला आहे; त्याच्या मापात किती वाढवायचे, यावर दोघींचे एकमत होत नाही.

शेवटी मुलाला दूरध्वनी जातो. त्याचे उत्तर थोडक्यात असते. “आमा-ले, माझ्याकडे जॅकेट आहे. तू कशाला त्रास घेतेस?”

ती रागावत नाही. “जॅकेट तिथे घाल,” ती म्हणते, “लोसरला इथे हा घालशील. खांद्यापासून मनगटापर्यंत मोजून सांग.”

मुलाचे म्हणणे खोटे नाही. बाजारातील जॅकेट हलके असते, लवकर वाळते, त्यात दुचाकी चालवता येते, आणि ते विकत घ्यायला अर्धा तास पुरतो. गोन्चा जड असतो. भिजला तर अधिकच जड होतो. सोयीच्या तराजूत तोलले तर जॅकेटचेच पारडे खाली जाईल. पण जॅकेट फाटले की टाकून द्यावे लागते. गोन्चा उसवला तर पुन्हा शिवता येतो, मोठ्याचा लहानाला बेतता येतो. फूटभर पन्ह्याच्या पट्ट्या काठाला काठ जोडून उभ्या शिवायच्या, घेरासाठी खाली तिरक्या कळ्या घालायच्या, अशी त्याची रचना असते. त्यामुळे कापड वाया जात नाही. उरलेला तुकडाही काखेत किंवा गळपट्टीत कामी येतो.

संध्याकाळी मुलाकडून माप येते. सासूबाई ते ऐकून चार बोटे वाढवायला सांगतात. “मूल दूर असले की आपल्याला लहानच वाटते,” एवढेच त्यांचे कारण. सून वाद घालीत नाही आणि चार बोटे सोडून खूण करते. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन गच्चीवर येताच, कात्री चालते.

त्यानंतरचा क्रम ठरलेला असतो. पाठीच्या लांब शिवणी यंत्रावर, कारण तेवढ्यापुरता वेळ वाचतो. बाह्या, गळपट्टी आणि कडेचा पदर मात्र हाताने, कारण दाट लोकरीच्या चार घड्या यंत्राच्या सुईला झेपत नाहीत. सकाळी गायीची धार काढल्यानंतर अर्धा तास, दुपारी चुलीवर पाणी तापेपर्यंत काही टाके, रात्री वीज असेल तर एक बाही. सासूबाईंना सुई दिसत नाही, पण त्या शिवणीवरून बोट फिरवून टाका कोठे सैल पडला ते अचूक सांगतात. सून तो उसवते आणि पुन्हा घालते. ज्या सुताला त्यांनी एकेकाळी वाटेवर पीळ दिला, त्याचे रूप आज त्यांच्या बोटांना असे कळते.

लडाखचे नववर्ष, लोसर, तिबेटच्या नववर्षाच्या सुमारे दोन महिने आधी, बहुधा डिसेंबरमध्ये येते. सतराव्या शतकात जामयांग नामग्याल राजाला हिवाळ्यात बाल्टिस्तानच्या स्वारीवर निघायचे होते, म्हणून त्याने सण आधीच साजरा करून घेतला आणि तीच रीत पडली, असे परंपरा सांगते. वेळ पुरत नसेल तर सणच अलीकडे ओढून घेणाऱ्या राजाची ही भूमी. घरच्या बाईला ती मुभा नाही. तिला सण आहे तेथेच ठेवून दिवसांतून वेळ वेचावा लागतो.

नोव्हेंबरच्या आरंभी शेवटचे प्रवासी आल्ची सोडतात, तेव्हा त्या गच्चीवर कोटाची पाठ आणि उजवी बाही जोडून झालेली असते. डावी बाही, गळपट्टी, बटणे आणि कडेची शिवण उरलेली असते. ऊन आता लवकर डोंगराआड जाते. सून कोटाची घडी घालते, सुई गळपट्टीच्या तुकड्यात खोचून ठेवते आणि गुरांसाठी चारा काढायला जिना उतरते. सासूबाई ती घडी मांडीवर घेऊन, मावळेपर्यंतच्या उन्हात, शिवणीवरून बोट फिरवीत बसतात.