आतले धुके

मराठी शिकविणाऱ्या माणसाने मोटारीच्या दिव्यांविषयी लिहावे, ही अनेकांना अनधिकार चेष्टा वाटेल. गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही ती तशीच वाटली असती. परंतु वस्तूला चुकीचे नाव दिले की उपायही चुकतो, हा धडा मला ग्रंथालयात नव्हे, आंबोली घाटात मिळाला.

जुलैमधील एका सकाळी गाडीच्या डाव्या हेडलाईटवर धुके धरलेले दिसले. मी फडक्याने काच पुसली. ती बाहेरून लख्ख झाली, धुके मात्र तसेच राहिले. ते आत होते. ‘पाणी शिरले’ असे मी मनाशी ठरवून टाकले. जे शिरते त्याची वाट बंद करावी, हे तर्कशास्त्र सरळच होते. बाजारातून सिलिकॉनची नळी आणली आणि दिव्याच्या कडेची खाच भरून काढली. दिव्याच्या पाठीमागे, खालच्या अंगाला एक वाकडी रबरी नळी होती. तिचे तोंड उघडे दिसताच शत्रूचा चोरदरवाजा सापडल्याच्या आनंदात तेही लिंपून टाकले.

आठ दिवसांनी कोल्हापूरहून सावंतवाडीला निघालो. आजरा मागे पडेपर्यंत अंधार झाला होता. आंबोलीत पाऊस असा होता की वायपर नुसते हेलपाटे घालत होते. उजवा दिवा रस्ता दाखवीत होता. डाव्याच्या काचेवर आतून थेंब साचले होते आणि त्याचा प्रकाश त्या थेंबांवर फुटून इतस्ततः पांगत होता. रस्त्याची डावी कड मला जवळजवळ दिसतच नव्हती, आणि हे ठाऊक असूनही मी थांबलो नाही. एका वळणावर त्याच कडेने प्लास्टिकची खोळ पांघरलेला एक वृद्ध गृहस्थ चालत होता. तो दिसला तेव्हा आमच्यात दोन-तीन हातांचे अंतर उरले होते. गाडी तिरकी होऊन थांबली. तो क्षणभर उभा राहिला. माझ्याकडे वाकून पाहत, रागाचा लवलेशही न दाखविता, ‘सावकास जावा’ एवढेच म्हणाला आणि पावसात दिसेनासा झाला. त्याने शिवी दिली असती तर मला ती रात्र सोपी गेली असती.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीतील एका मिस्त्रीने दिवा काढून हातात घेतला, माझे लिंपणकाम पाहिले आणि हसला. ‘सर, दिवो पण श्वास घेता. तेचा नाकच तुमी बुजवलास.’

मग त्याने समजावून सांगितले ते असे. दिवा पेटला की आतली हवा तापते, प्रसरण पावते आणि त्या नळीवाटे थोडी बाहेर पडते. दिवा विझून थंड झाला की तेवढीच हवा पुन्हा आत ओढली जाते. पावसाळ्यात ती बाष्पाने भरलेली असते. काच पावसाने गार पडली की ते बाष्प तिच्या आतल्या अंगावर जमते. असा हलका थर दिवे लावून काही वेळ गाडी चालविली की आपोआप निघून जातो. तो दोष नव्हे, निसर्ग आहे. ओघळ दिसू लागले किंवा तळाशी पाणी साचले, तरच कुठेतरी बिघाड समजावा. माझा बिघाड मागच्या बाजूला होता. काही महिन्यांपूर्वी बल्ब मीच बदलला होता आणि पाठीमागचे रबरी टोपण नीट बसविले नव्हते. तेथून पाण्याचे तुषार आत येत होते आणि बाहेर पडण्याची वाट मी बंद केली होती.

त्याने सिलिकॉन खरवडले, नळी मोकळी केली आणि बल्ब त्याच्या काचेला बोट न लावता बाहेर काढला. हॅलोजन बल्बवर बोटाचा तेलकटपणा राहिला तर तो भाग अधिक तापतो आणि बल्ब लवकर जातो, असे तो म्हणाला. आतला भाग हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेवर सावकाश वाळविला. ज्याला आपण काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट असते, घाई केली तर ते विद्रूप होते. शेवटी नवे टोपण बसविले. सिलिका जेलची पुडी आत ठेवली तर चालेल का, असे मी विचारले. ती ओल शोषून शोषून स्वतःच भरते. ती पळवाट आहे, दुरुस्ती नव्हे, हे त्याचे उत्तर.

परतताना लक्षात आले की मुळात ते धुके नव्हतेच. धुके हवेत तरंगते. गार पृष्ठभागावर जमते ते दव. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात हा भेद मी पाठ केला होता. त्या सकाळी ‘दव’ हा शब्द ओठांवर आला असता, तर काच गार का आणि आतली हवा ओली का, हे दोन प्रश्न आपोआप पडले असते. ‘पाणी शिरले’ म्हणताच प्रश्न संपले आणि लिंपणे सुरू झाले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत अनुचित शब्दाखाली मी वर्षानुवर्षे तांबडी रेघ ओढत आलो आहे. माझ्या शब्दाखालची रेघ त्या वळणावर एका माणसाच्या अंगावरून जाता जाता राहिली.

आता एखाद्या पहाटे डाव्या काचेवर आतून पुसट थर दिसतो. गावाबाहेर पडेपर्यंत तो विरतो. तरीही त्या वळणाशी आलो की पाय आपसूक ब्रेकवर जातो आणि डाव्या कडेला नजर वळते. तिथे कोणीही नसते. मी सावकाश जातो.