झोप नव्हे, गुंगी

मराठी भाषेने झोपेचे लाड पुष्कळ केले आहेत. डुलकी, पेंग, वामकुक्षी, साखरझोप अशी तिला कितीतरी नावे आहेत. परंतु पत्नीच्या निधनानंतर आम्ही जी अवस्था भोगली, तिला यांतले एकही नाव साजत नव्हते.

त्या दिवसांत आमची अन्नावरची वासना उडाली आणि रात्री आढ्याकडे पाहण्यात सरू लागल्या. तेव्हा मुलाने आम्हांस भालकीहून बिदरला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रात्री घेण्यासाठी अमिट्रिप्टिलिनची गोळी दिली. औषध उदासीनतेवरचे, पण घरात त्याचे नाव पडले ‘झोपेची गोळी’. चारचौघांत तसे सांगणे सोयीचे होते. आपल्या लहान गावांत मनाच्या आजारापेक्षा निद्रानाश अधिक प्रतिष्ठित!

हे नावच पुढे नडले. सकाळचे नऊ वाजले तरी आम्हांस उठवत नसे. दुपारी हातातले वर्तमानपत्र गळून पडे. “अण्णा आता शांत झोपतात,” म्हणून मुलगा समाधानी होता, तर पाहुणे म्हणत, “आळसावले.” झोपेच्या गोळीने झोप येते, यात तक्रार ती कसली? म्हणून डॉक्टरांना कोणी काही सांगितलेच नाही.

एके दिवशी सूनबाई शेजारी गेली असता आम्ही चहाचे आधण ठेवून खुर्चीत टेकलो. जाग आली ती तिच्या “मामा! मामा!” या हाकेने. पाणी आटून पातेले काळेठिक्कर पडले होते आणि तीन वर्षांचा नातू शेगडीपाशीच खेळत होता.

लाजेने त्याच रात्री आम्ही कोणास न विचारता गोळी बंद केली. तिसऱ्या दिवसापासून मळमळ, घाम आणि चक्कर सुरू झाली. रात्री भयंकर स्वप्ने पडत आणि दिवसा त्या तुटक झोपेचे ओझे राही. महिन्याभरात जुनी उदासीनताही परतली.

पुन्हा बिदर गाठले. १९५६ साली आपला हा मुलूख हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून कचेरी-बाजारापुरते कन्नड आम्हांस येते, दुखणे मात्र मराठीतच सांगता येते. आम्ही डॉक्टरांना एवढेच म्हणालो, “निद्दे जास्ति.” त्यांनी विचारले, “निद्देयो, मंपरो?” निद्दे म्हणजे झोप, मंपरु म्हणजे गुंगी. झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटते का, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. “नाही,” असे आम्ही उत्तरलो आणि उत्तर देतादेताच आमचे आम्हांस उमगले.

मग त्यांनी समजावून सांगितले. मेंदूला जागे ठेवणाऱ्या द्रव्यांत हिस्टामिन हे एक. हे औषध त्याचा मार्ग अडवते. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी पेंग येते तीही याच कारणाने. उतारवयात औषध शरीराबाहेर पडण्यास वेळ लागतो, म्हणून रात्रीची गुंगी दुसऱ्या दिवसावर चढते. उदासीनतेनेही माणूस झोपाळू होतो, तेव्हा गुंगी गोळीच्या आधीची की नंतरची, हे सांगावे लागते. मात्रा, वेळ वा औषध बदलता येते. पण शरीरास सवय झालेली गोळी एकाएकी तोडली तर ते बंड करते. म्हणून ती पायरीपायरीने उतरवावी लागते, आणि तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आमचे औषध बदलले. या सगळ्या काळात आम्ही गोळी चुकवली नव्हती, चुकवला होता तो शब्द. आपल्या जुन्या घरांतून दुखणे झाकण्याची रीत आहे. ती निदान डॉक्टरांपुरती मोडावी. परभाषेची अडचण वाटल्यास २०२२ साली सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

आजही दुपारी आम्ही अर्धा तास वामकुक्षी घेतो. उठून तोंडावर पाणी मारले की सूनबाई विचारते, “मामा, निद्दे का मंपरु?” आम्ही म्हणतो, “निद्दे! आता चहा टाक.”