गादीच्या पोटांत

आयुष्याचा तिसरा हिस्सा माणूस अंथरुणावर काढतो. पण त्या अंथरुणाच्या पोटांत काय आहे याची चौकशी तो सहसा करीत नाहीं. कवींनीं शय्येवरचीं फुलें वर्णिलीं, पलंगावर पडणारें चांदणें वर्णिलें. गादी उसवून पाहण्याच्या भरीस त्यांपैकीं कोणी पडल्याचें मला आठवत नाहीं. या बाबतींत खरा चोखंदळ एकटा भीष्म. शरशय्येवर पडल्यानंतर त्याचें मस्तक लोंबूं लागलें, तेव्हां भोंवतालच्या राजांनीं मऊ मऊ उशा धांवत आणल्या. त्या त्यानें नाकारल्या आणि अर्जुनानें तीन बाण मारून केलेली उशी पसंत केली. अंथरुणाला साजेल तेंच उसें, असा त्याचा आग्रह. गेल्या हिंवाळ्यांत घाटकोपरच्या गादीवाल्यांचीं दुकानें पालथीं घालीत असतां मला या गिऱ्हाइकाची वारंवार आठवण होई.

माझ्या या हिंडण्याचें कारण माझी आई. तिचें वय ८२. घाटकोपर पूर्वेची आमची तीन मजली जुनी इमारत पाडून तेथें बावीस मजल्यांचा मनोरा उभा राहिला, आणि चार वर्षें भाड्याच्या जागेंत काढून आम्ही त्याच्या पंधराव्या मजल्यावर राहावयास आलों. सामान लावतांना आईची कापसाची गादी सर्वांच्या दृष्टीस पडली. ती मधोमध खोलगट झाली होती, कापसाचे गोळे हाताला लागत होते, आणि तिच्यावरून उठतांना कंबर धरते हें आईच सांगत असे. मुलानें नवी गादी घेण्याचा ठराव मांडला, सौ.नें त्यास अनुमोदन दिलें. आईनें विरोध केला नाहीं. फक्त एक अट घातली. "ज्याच्या पोटांत काय आहे तें मला कळत नाहीं, त्याच्यावर मी निजायची नाहीं. झाडामाडाचं कायतरी असूं दे."

अट ऐकावयास साधी होती. ती पाळावयास मला तीन आठवडे लागले.

२०१४ सालीं मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर स्टेशनाबाहेर सायंकाळीं पाय ठेवावयास जागा नसते. त्या गर्दींतून वाट काढीत मी पूर्वेचीं व पश्चिमेचीं मिळून आठ-दहा दुकानें पाहिलीं. प्रत्येक दुकानांत निदान एका गादीवर हिरवें पान छापलेलें होतें व पानाखालीं 'नॅचरल' हा शब्द. पोपचा निसर्ग वेगळा आणि वर्ड्स्वर्थचा वेगळा, हें मी पंचवीस वर्षें वर्गांत सांगत आलों आहें. गादीवाल्याचा निसर्ग तिसराच निघाला. एका दुकानांतला तरतरीत मुलगा म्हणाला, "अंकल, हंड्रेड परसेंट नॅचरल." मीं विचारलें, "शंभर टक्के कशाचे?" तो म्हणाला, "लेटेक्सचे." मग त्यानें गादीचा छेद घेतलेला एक नमुना मोठ्या विश्वासानें माझ्यापुढें ठेवला. सहा इंच जाडीच्या त्या तुकड्यांत वरचा एक इंच रबराच्या चिकाचा, आणि खालचे पांच इंच साधा फोम. मुलगा खोटें बोलत नव्हता. त्याचें विधेय बिनचूक होतें; उद्देश्य मात्र गादी नसून गादीचा एक इंच होतें. तर्कशास्त्राच्या वर्गासाठीं याहून सुबक उदाहरण मला शोधून सांपडलें नसतें.

घरीं येऊन मीं या पदार्थांची कुळकथा थोडी चाळली. रबराच्या झाडाचा चीक अंडें फेटावें तसा फेटून त्याचा फेस साच्यांत घट्ट करण्याची रीत १९२९ सालीं बर्मिंगहॅमच्या डनलॉप कारखान्यांतील रसायनज्ञांनीं काढली. चीक झाडाचा खरा. परंतु त्यांत गंधक, जस्ताचें भस्म अशीं द्रव्यें घालून उष्णता दिल्याखेरीज तो टिकाऊ व लवचिक होत नाहीं. त्याच्या खालीं दडलेला फोम मात्र झाडाचा दूरचाही नातेवाईक नव्हे. १९३७ सालीं जर्मनींत ओट्टो बायर व त्याचे सहकारी यांनीं पॉलियुरेथेन शोधून काढलें. त्याच वंशांतला हा फोम मुख्यत्वें खनिज तेलापासून होतो. निखळ चिकाची गादीही बाजारांत मिळते, नाहीं असें नाहीं. पण तिची किंमत ऐकून सौ.नें दुकानांतच माझी बाही ओढली.

नंतर काथ्याची पाळी आली. मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यांतला. नारळाचीं सोडणें खाडीच्या पाण्यांत महिनोन् महिने कुजत घालतात, मग तीं झोडपून काथ्या काढतात, आणि त्या पाण्याचा वास कित्येक दिवस अंगाला चिकटून राहतो, हें मला कोणी सांगावयास नको. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाहीं, ही म्हण आम्हीं पाठ केली ती त्या वासासकट. पिळाच्या चिवटपणाचें रहस्य असें कीं, लाकडाला ताठपणा देणारें लिग्निन नांवाचें द्रव्य काथ्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास असतें. कापसांत तें जवळजवळ नसतेंच. म्हणून काथ्या दबत नाहीं, लवकर कुजत नाहीं, आणि त्यांतून वारा खेळतो. गादीसाठीं तो कुरळा करून त्याच्यावर रबराचा चीक फवारतात व दाबून त्याची लादी करतात. आईनें त्या लादीवर हात फिरविला, नखानें एक तंतु उपटून पाहिला, आणि म्हणाली, "हा आपला आहे. पण याच्यावर निजायचं म्हणजे पायपुसण्यावर निजायचं."

पाठीला कडक अंथरूण चांगलें, असा आपल्याकडे एक समज आहे, व तो मोडूं पाहणाऱ्यास लोक सुखलोलुप समजतात. स्पेनमध्यें कंबरदुखीच्या ३१३ रोग्यांना, कोणाला कडक तर कोणाला मध्यम कडक, अशा गाद्या वांटून ९० दिवसांनीं तपासणी झाली. तिचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्यें २००३ सालीं प्रसिद्ध झाला. मध्यम गादीवर निजणाऱ्यांची स्थिति सरस ठरली. तेव्हां पायपुसण्याविषयींचें आईचें मत शास्त्राला सोडून नव्हतें.

सांवरीचा कापूस हा माझा लहानपणापासूनचा लोभ. माघ-फाल्गुनांत लाल फुलांनीं पेटलेली कांटेसांवर उन्हाळ्यांत बोंडें फोडते, आणि तो रेशमी कापूस वाऱ्यावर उडूं लागतो. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वांत युधिष्ठिराला नरक दिसतो, त्यांत तीक्ष्ण कांट्यांची कूटशाल्मली आहे. जिच्या खोडाला नरकांत जागा दिली, तिच्याच बोंडांतून जगांतली सर्वांत मऊ उशी निघते. तिच्याच जातीच्या पांढऱ्या सांवरीच्या कापसाचा तंतु पोकळ असून त्याच्यावर मेणासारखा थर असतो. त्यामुळें तो पाणी धरीत नाहीं, आणि पूर्वीं जहाजांवरच्या लोकांचे जीवरक्षक अंगरखे त्यानें भरीत. परंतु तो गुळगुळीत व ठिसूळ. त्याचें सूत धड निघत नाहीं, आणि गादींत भरला तर अंगाच्या भारानें चेपून बसतो. तो उशीपुरताच ठीक.

राहिला कापूस, म्हणजे जेथून आम्ही निघालों होतों तेथेंच येऊन पोंचलों. मात्र कापूस म्हटला कीं वाद संपला, असें नाहीं. मुंबईच्या गिरण्यांना लांब तंतूचा, बारीक सुताचा कापूस हवा होता. माटुंग्याची कापूस-प्रयोगशाळा १९२४ सालीं निघाली ती अशाच गुणांची पारख करण्यासाठीं. गादीला नेमका उलट गुण लागतो. आंखूड, जाडाभरडा देशी कापूस दाबला कीं पुन्हा वर येतो. १९४७ सालीं आपल्या देशांतला बहुतेक कापूस देशी जातींचाच होता. आज बहुतेक सर्व अमेरिकन जातीचा आहे, आणि २००२ पासून त्यांतही बीटीचा. झाडाचें म्हणून सर्व निष्पाप, असेंही म्हणवत नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षींचा कापूस कोणाच्या ना कोणाच्या गादींत गेलाच असेल, आणि तिच्यावरही हिरवें पान छापतां आलें असतें.

बाजारांतली तयार स्वस्त गादी घेतली तर तिच्या पोटांत पुष्कळदां कापसाऐवजीं गिरणींतला केर व चिंध्यांचा भुगा निघतो. हें मला आमच्या पिंजाऱ्यानें सांगितलें. वयानें साठीच्या पुढचे हे गृहस्थ हातगाडीवर विजेचें पिंजण्याचें यंत्र घेऊन फिरतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. कापूस ओळखण्याची त्यांची रीत अशी: चिमूटभर पुंजका काडीनें पेटवावयाचा. कागद जळाल्यासारखा वास आला आणि मऊ राख झाली तर कापूस. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पंधराव्या मजल्यापर्यंत येणारें कोणतेंही प्रमाणपत्र मला इतकें पटलेलें नाहीं.

चाचांच्या वडिलांजवळ धनुकली होती, तांतीचा टणत्कार गल्लीच्या टोंकाला ऐकूं येई. संत दादू दयाल हे पिंजाऱ्याच्या घरचे, असें सांगतात. त्या टणत्काराच्या तालावर भजन सुचणें मला अवघड वाटत नाहीं. आतांच्या यंत्राचा घरघराट कोणास भजन सुचूं देणार नाहीं. चाचा तोंडाला रुमाल बांधतात, तरी दर दहा मिनिटांनीं खोकतात. कापसाच्या धुळीनें छाती धरण्याचा रोग गिरणीकामगारांच्या चांगला ओळखीचा. रविवारच्या सुटीनंतर सोमवारीं तो अधिक जाणवतो, हें त्याचें वैशिष्ट्य. आमच्या गादीच्या निर्मळपणांत त्या खोकल्याचा हिशेब धरावयास हवा. मी त्यांना औषधविक्रेत्याकडचा चांगला मुखपट्टा आणून दिला. त्यांनीं तो आदरानें खिशांत ठेवला.

मनोऱ्याच्या नियमांप्रमाणें गच्चीवर गाद्या घालावयाच्या नाहींत, सज्जाच्या कठड्यावर वाळत टाकावयाच्या नाहींत आणि यंत्र आवारांत आणावयाचें नाहीं. नियम करणाऱ्यांची झोंप कशावर होते, मला ठाऊक आहे; त्यांच्या गाद्यांना ऊन लागत नाहीं. कापसाच्या गादीला मात्र ऊन हें अन्न आहे. कापूस हवेंतला दमटपणा शोषून घेतो, म्हणून तो अंगाला गार लागतो. तो दमटपणा उन्हांत सोडला नाहीं तर तोच कापूस जड होतो, त्याचे गोळे होतात. जुन्या इमारतींत दर पंधरवड्याला गाद्या गच्चीवर चढत. त्या चढविणाऱ्या बहुशः बायका असत, आणि याची आठवण सौ.नें मला दोनदां करून दिली. "कापसाचीच घ्या, पण ती उचलायची कोणी, तें आधीं ठरवा," असें ती म्हणाली. हा प्रश्न एकाही दुकानदारानें विचारला नव्हता.

शेवटीं एका रविवारीं गादी लिफ्टमधून खालीं नेऊन फाटकाबाहेरच्या पदपथावर उघडली. आई रखवालदाराच्या खुर्चीवर बसून पाहत होती. चाचांनीं टांके कापले, खोळ उलटी केली, आणि करडा, ढेकळांसारखा कापूस बाहेर आला. ही गादी तिच्या लग्नांतली. दर चार-पांच वर्षांनीं पिंजून, थोडा जुना काढून, थोडा नवा घालून साठ वर्षें चाललेली. तिच्यांत मूळचा कापूस किती उरला, हा थीसिअसच्या जहाजाचा प्रश्न मीं पदपथावर उपस्थित केला नाहीं. चाचा एक मूठ दाबून म्हणाले, "माजी, रुई पुरानी है, मगर जान है इसमें." यंत्रांतून निघालेला ढीग पहिल्याच्या तिप्पट झाला. केर झाडून उरलेला कापूस साडेआठ किलो भरला. आईनें त्यांत दीड किलो नवा देशी घालावयास लावला, आणि काडी ओढून त्याची परीक्षा स्वतः केली.

उचलण्याचा प्रश्नही तिनेंच सोडविला. दहा किलोची एक गादी न करतां पांच-पांच किलोच्या दोन पातळ गाद्या भरावयास सांगितल्या. एक गादी एका माणसाला उचलतां येते, आणि आमच्या पूर्वेकडच्या सज्जांत दोन खुर्च्यांवर टाकली कीं सकाळीं दहापर्यंत तिला ऊन मिळतें. कठड्याला स्पर्श नाहीं, नियमाला बाध नाहीं. पलंगावर खालीं दोन इंचांची काथ्याची लादी, तिच्यावर या दोन गाद्या. लादींत रबराचा चीक आहे हें मीं तिला सांगितलें. "तोही झाडाचाच ना? आणि कडेनं दिसतोय मला," ती म्हणाली. उचलण्याचें काम माझ्याकडे व मुलाकडे आलें आहे, सौ.नें त्याचें वेळापत्रक शीतकपाटाच्या दारावर लावलें आहे.

चाचांनीं सुई टोपींत खोंवली, पैसे मोजले आणि जातां जातां सांगितलें कीं, आतां चार वर्षें पाहावें लागणार नाहीं. आईनें बोटांवर कांहीं मोजलें. मग त्यांना म्हणाली, "चार वर्षांनीं याल तेव्हां खोळीचं कापड जरा जाड आणा. हें विरतंय लवकर."