मोडता येईल असं काहीतरी

वाघोली, पुणे
आषाढ अखेर

चि. सौ. छोटीस,


तुझं पत्र पोचलं. इकडे वाघोलीत आठवडाभर झड लागली आहे, तिकडे बेळगावात तर याहून जास्तच पाऊस असणार. चार वर्षांचं मूल दिवसभर घरात आणि हाताशी मोबाइल, हे तू लिहिलंस ते सध्या घरोघरी चालू आहे. त्यावर उपाय म्हणून तू हौसेने हस्तकलेचा तयार खोका मागवलास. बाळाने फुलपाखराचा पंख उलटा चिकटवला, तो निघेना, मग रडारड झाली आणि उरलेलं फुलपाखरू तूच पूर्ण केलंस. आता विचारते आहेस, "मावशी, या वयाला झेपेल असं घरच्या घरी काय करून घेऊ?"

माझी उमेदीची सगळी वर्षं बालवाडीत गेली. या सगळ्यातून हाती लागलेली एकच कसोटी तुला सांगते. जे मोडून पुन्हा करता येतं, ते लहान मुलाला द्यावं. चार वर्षांच्या मुलाची बोटं अजून तयार होत असतात. कात्री रेषेवरून चालत नाही, गोंद किती लावायचा ते कळत नाही. त्याचं पहिल्या वेळी चुकणारच, आणि चुकायलाच हवं. पण चिकटवलेली वस्तू ती चूक कायमची करून टाकते. मग मूल दोनच गोष्टी शिकतं: एक, आपल्याला जमत नाही, आणि दुसरी, आईला जमतं. कणकेच्या गोळ्याला असं काही नसतं. हत्ती बिघडला तर त्याचा साप होतो, साप तुटला तर त्याच्या दोन अळ्या होतात, आणि सगळं नकोसं झालं की पुन्हा गोळा. बिघडण्याची भीती गेली की मूल तासभर मान वर करत नाही.

सुरुवात कणकेपासूनच कर. आता दोन-तीन दिवसांत दिव्यांची अमावास्या आहे. तू कणकेचे दिवे करशीलच. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या घट्ट कणकेचा एक लिंबाएवढा गोळा बाळाच्या हातात दे. अंगठा मधे दाबायचा आणि गोळा फिरवत कड वर उचलायची, एवढंच दाखव. त्याचा दिवा कलंडेल, कड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी होईल. होऊ दे. तोही दिवा तुझ्या दिव्यांबरोबर वाफव, पाटावर मांड, त्यात तूप-वात घाल. पूजा झाल्यावर तोच दिवा तुपाबरोबर त्याला खायला दे. आपण केलेलं देवापुढे लागलं आणि मग पोटातही गेलं, याचा आनंद त्याला मिळू दे.

रोजच्या खेळासाठी मिठाचा गोळा करून ठेव. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल आणि साधारण वाटीभर पाणी, पण पाणी थोडं थोडं घालत जा. थोड्या भागात हळद, थोड्यात बिटाचा रस घातला की रंग होतात. डब्यात घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवला की काही दिवस टिकतो. तो फार खारट असतो, म्हणून तोंडात घालू देऊ नकोस. पोळपाट-लाटणं, वाटी, गाळणं, कंगवा, चकलीच्या सोऱ्याच्या ताटल्या एवढं शेजारी मांड. गाळण्यातून गोळा दाबला की केस निघतात, आणि हे एकदा कळलं की प्रत्येक बाहुलीला केस लागतात.

दुसरा खेळ हळदीचा. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपण सगळ्याजणींनी पाहिलेलं आहे. हळद थोड्या पाण्यात कालवून साध्या कागदावर फासायची आणि कागद वाळवायचा. मग कपड्याच्या साबणाच्या पाण्यात कापूस गुंडाळलेली काडी बुडवून पिवळ्या कागदावर ओढायची. रेघ लाल उमटते. त्याच रेघेवर लिंबाचा रस लावला की लाली जाते आणि पिवळा परत येतो. हळद, साबण, लिंबू, सगळं घरातलंच. बाळ म्हणेल जादू आहे. म्हणू दे. कारण पुढे कधीतरी कळेल, आत्ता पुन्हा पुन्हा करून बघणं महत्त्वाचं. काडी तोंडात किंवा डोळ्यात जाणार नाही, एवढं मात्र शेजारी बसून बघ.

भेंडी चिरताना देठाकडचे जून तुकडे टाकू नकोस. आडव्या कापलेल्या भेंडीला रंग लावून ती कागदावर दाबली की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. कांद्याची वर्तुळं उमटतात, दोडक्याच्या शिरांचं चाक होतं. रद्दीचा कागद घे, म्हणजे "कागद वाया जाईल" असं कुणी म्हणणार नाही. त्याच रद्दीतून टोपी करायला शिकव. वर्तमानपत्राचं अख्खं पान घेतलं तर टोपी खरोखर डोक्यावर बसते. तीच टोपी उघडून पुन्हा दुमडली की होडी होते, आणि तुमच्या अंगणात पाऊस असताना होडीला पाणी शोधायला नको. पहिली घडी तू घाल, दुसरी त्याला घालू दे. घडी तिरकी गेली तर उलगडून परत घालता येते. गोंदाने केलेल्या वस्तूला ही सोय नाही.

ही दृष्टी माझी नाही. ती बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांची. त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. माँटेसरी पद्धतीची साधनं त्यांना चांगली ठाऊक होती, आणि ती महाग आहेत हेही. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेलं. विकतची साधनं परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे, बांबू हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरांमागे गेलेल्या मुलांसाठी कुरणात गेली. बालवाडीची शिक्षिका म्हणून मला त्यांच्याविषयी नेहमी वाटत आलं आहे की त्यांनी गरिबीपायी तडजोड केली नाही, त्यांनी मुलाला काय लागतं ते नेमकं ओळखलं. मोजायला शिंपला मण्यापेक्षा कमी नसतो. शिवाय तो मुलाने स्वतः वेचलेला असतो.

आमच्या वाघोलीला शिंपले नाहीत, दगड आहेत. हे गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं, नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या, पण त्याआधीपासून इथे दगडखाणी आहेत. इथल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कॅव्हेन्साइट नावाचं निळंशार खनिज सापडतं, आणि वाघोलीचे ते नमुने जगभरातल्या संग्रहांत आहेत. खाणीत राबणाऱ्यांच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेने पाषाणशाळा चालवल्या. अशा घरांतली मुलं माझ्याही वर्गात होती. त्यांच्या हातात खडे दिले की त्यांना काही शिकवावं लागत नसे. मोठा खडा पाठ, चार छोटे पाय, झालं कासव. ओळीने मांडले की मुंग्या, उभे-आडवे रचले की विहीर. चित्र पूर्ण झालं की हाताने सारून पुन्हा नवं मांडायचं. तुझ्याकडे बाळाला असे गुळगुळीत, मुठीत मावतील एवढे खडे वेचून आणू दे आणि एका डब्यात ठेव. तोंडात जातील इतके बारीक नकोत. रंगवायची घाई करू नकोस. रंगवलेल्या खड्यावर एकदा डोळे काढले की तो कायम कासवाचं डोकंच राहतो. साधा खडा आज डोकं, उद्या चाक आणि परवा भाकरी.

बाळ सहा-सात वर्षांचा झाला की पुढचं दार उघड, अरविंद गुप्तांच्या खेळण्यांचं. गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनियर. पुण्याच्या टेल्कोत नोकरीला असताना १९७८ च्या सुमारास ते सुट्टी काढून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरं, मनोरे उभे केले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही, हे मुलाला बोटांनी कळतं. पुढे २००३ पासून दशकभर ते पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊतून केलेली त्यांची खेळणी मुलाला उघडून, मोडून, परत जोडून बघता येतात. खेळणं आतून कसं चालतं हे बघण्याचा हक्क मुलाला आहे, असं मला त्यांच्या कामातून उमगलं. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. काड्या घेशील तेव्हा गूल काढून टाकलेल्याच दे, आणि आत्ता मुळीच नको.

चिकटवायचंच असेल तर घरी खळ शिजव. मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत दाट करायचा. किडीसाठी जुनी माणसं त्यात मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या खळीत घालू नकोस. दोन दिवसांत ती संपवायची, नाहीतर टाकून द्यायची.

आता तुझ्यासाठी. बाळ करत असताना तुझे हात मांडीवर ठेव. हे सगळ्यात अवघड आहे. बाहुलीचा डोळा कानाजवळ लागलेला दिसतो आणि आपला हात आपोआप पुढे जातो. एकदा आपण तो डोळा जागेवर बसवला की पुढचा डोळा मूल आपल्यालाच लावायला सांगतं. "हे काय केलंस?" असं विचारू नकोस, त्याला उत्तर द्यावं लागतं आणि बहुतेक वेळा त्यालाच ते ठाऊक नसतं. "मला याची गोष्ट सांग" म्हण. शाळेतून 'प्रकल्प' आला तर बाळाला जमेल तेवढाच कर आणि तसाच पाठव. शेजारच्या मुलाचा मोठ्यांनी केलेला सुबक ताजमहाल पुढच्या बाकावर असेल. असू दे. बाईंना तुझ्या मुलाचे हात दिसायला हवेत, तुझे नाही.

पुढे गणपती येतील. मूठभर शाडू आण. मातीला भेगा पडू नयेत म्हणून मूर्ती सावलीत वाळव, आणि विसर्जनाच्या दिवशी बाळाला ती बादलीत विरघळताना बघू दे. तीच माती पुन्हा मळता येते. दिवाळीत तर तुमच्या बेळगावात आमच्या पुण्यासारखेच गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. मोठ्या मुलांच्या किल्ल्यात बाळाला एक कोपरा मागून घे, तिथे त्याला अळीव पेरू दे. दिवाळी संपली की तो किल्ला पाडायचाही त्यालाच मान दे. आपल्या सणांत मुलांच्या हातचं बहुतेक सगळं मुळात न टिकण्यासाठीच केलेलं असतं, रांगोळीसुद्धा. पुढच्या वर्षी हात पुन्हा लागतात ते त्यामुळेच.

शोकेस भरेल असं काही तुझ्या घरात उरणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. सासूबाई विचारतील, दिवसभर केलं काय? तेव्हा मन लहान करू नकोस. "बिघडलं तर बिघडलं, परत करू" असं जे मूल स्वतःशी म्हणू शकतं, त्याला पुढे अक्षर गिरवताना, गणित सोडवताना, सायकलवरून पडताना ते वाक्य उपयोगी पडतं. मी ते वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

मला फोटो पाठवू नकोस. दिवा करताना बाळ काय काय बोलला, तेवढं आठवून लिही. जावईबापूंना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझी,
मावशी